प्रसूत माद्यांची सोय

मेंढी संशोधन केंद्राच्या फाटकावर सोनेरी अक्षरांत एक वाक्य रंगवलेलं होतं : 'आई सुदृढ, तर पिल्लू सुदृढ'. त्या वाक्याच्या बरोबर खाली उभं राहून डॉक्टरीणबाईंनी आपली चार महिन्यांची मुलगी सासूबाईंच्या कडेवर दिली, तिची मूठ आपल्या कोटाच्या बटणातून हलकेच सोडवली आणि बाळंतपणाची रजा संपवून त्या कामावर रुजू झाल्या. मुलीचं घरातलं नाव चिमी. चिमीनं आईकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पहारेकऱ्यानं नम्रपणे सांगितलं, की आत कळप आहे, रडण्यानं मेंढ्या बिथरतात, तेव्हा बाळाला कोपऱ्यापलीकडे नेऊन रडू द्यावं.

केंद्रात त्या वर्षी एकच प्रयोग चालू होता, पण तो मोठा होता. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात पूरक खुराक दिला, तर तिच्या कोकराची प्रतिकारशक्ती वाढते का? गोष्ट साधी आहे. कोकरू जन्माला येतं ते रिकाम्या हातांनी. रोगाशी लढायची शिदोरी त्याला पोटात असताना मिळत नाही. ती सगळी आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात असते. आणि ती शिदोरी घ्यायचं आतड्याचं दार जन्मल्यावर थोडा वेळच उघडं असतं, मग बंद होतं. म्हणून आईनं आधी काय खाल्लं, पहिलं दूध कधी पाजलं आणि पाजताना तिला स्वस्थता होती की नाही, यावर त्या जिवाचं सगळं पुढचं अवलंबून.

मेंढ्यांचे दोन गट केले होते. गट अ ला वैरण, पेंड आणि वर क्षारांचं मिश्रण. गट ब ला नुसती वैरण. आणि दोन्ही गटांसाठी 'प्रसूत माद्यांची सोय' या मथळ्याचे नियम होते : व्यायलेल्या मादीला उबदार, कोरडा व शांत कप्पा द्यावा. तिला पिल्लापासून तोडू नये. तिच्यापाशी मोठ्यानं बोलू नये. पिल्लू मागेल तेव्हा पाजू द्यावं. हे नियम डॉक्टरीणबाईंनीच रजेवर जाण्याआधी लिहिले होते, पोट टेबलाला टेकत होतं म्हणून खुर्ची तिरकी करून. संचालकांनी त्यावर सही केली आणि त्या सहीबद्दल त्यांना मुख्यालयाकडून सन्मानाची ढाल मिळाली.

ती ढाल संचालकांच्या डोक्यामागे लटकत होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच बोलल्या.

"साहेब, एक विनंती होती. दुपारी सासूबाई बाळाला घेऊन येतील. पाजायला एखादी खोली मिळाली तर बरं होईल. थोडाच वेळ."

संचालकांनी डोळे मिटले. हळवं होताना ते नेहमी डोळे मिटत.

"आईचं दूध. बाई, परवाच मी भाषणात म्हणालो, आईचं दूध ही पहिली लस. काय टाळ्या पडल्या."

"हो साहेब. ते वाक्य मीच लिहून दिलं होतं."

"म्हणून तर म्हणतो, माझा पूर्ण पाठिंबा आहे तुम्हाला. खोलीचं तेवढं आस्थापनेत बघा."

आस्थापना म्हणजे हेडक्लार्क. त्यांना सगळे कलमदादा म्हणत. छत गळलं तरी कलमदादा आधी कोणत्या कलमाखाली गळतंय ते बघत आणि मगच बादली मागवत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बसायला सांगितलं, बाळाचं वजन विचारलं, आपल्या नातवाचं सांगितलं आणि मग म्हणाले, "माणसांसाठी तरतूद नाही."

"करता येणार नाही?"

"तरतूद करायला आधी तशी तरतूद लागते, बाई."

"पाहुण्यांची खोली रिकामीच असते की."

"ती समितीसाठी."

"समिती कधी येणार आहे?"

"कधीही येऊ शकते. म्हणून तर रिकामी ठेवलीय."

"मागची लांब खोली?"

"तिथं मोडक्या खुर्च्या आहेत."

"त्या व्हरांड्यात ठेवल्या तर?"

कलमदादांनी चष्मा काढला. "मोडकी असली तरी केंद्राची मालमत्ता आहे ती. तिला वारा-ऊन लागून चालत नाही."

"आणि माझ्या मुलीला लागून चालतं?"

"ती मालमत्तेत येत नाही, बाई. आली असती तर मीच काहीतरी केलं असतं." हे ते मनापासून बोलले.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी केलं ते जगातल्या बहुतेक कामावरच्या आया करतात. औषधांच्या कोठीत, गट अ च्या क्षारमिश्रणाच्या पोत्यांमागे, दाराला पाठ लावून त्या दूध काढू लागल्या. पोत्यांवर हसऱ्या मेंढीचं चित्र होतं. मेंढीच्या पोटाशी कोकरू लुचत होतं आणि खाली छापलं होतं, 'मातृत्वाला साथ'. दूध काढून झालं की त्या बाटली लसींच्या फ्रिजमध्ये ठेवत आणि वर चिकटपट्टीवर लिहीत, 'खासगी'. दुपारची सुटी झाली की बाटली घेऊन फाटकाकडे जवळजवळ पळत जात. सासूबाई कडेवरच्या चिमीला दुरूनच दाखवत, "ती बघ आली तुझी दूधवाली."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझंच ऑफिस आहे. तूच नियम लिहिलेस. जरा गोडीत घे."

"नियम मेंढ्यांसाठी लिहिले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तेच चुकलं तिचं," सासूबाई चिमीचा लंगोट बदलता बदलता म्हणाल्या. "माणसांसाठी लिहिले असते तर ते कुणी पाळलेच नसते, आज मेंढ्यांनाही उपयोग झाला नसता. निदान बरोबरी झाली असती."

इकडे समिती खरोखरच येणार असं कळलं आणि संचालकांचा जीव गट अ च्या मेंढ्यांवर जडला. समितीला मेंढ्या भरलेल्या दिसायला हव्यात. त्यांनी क्षारमिश्रण दुप्पट करायला सांगितलं.

"साहेब, असं करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मिश्रणातलं आयोडीन फार झालं, तर उलटा परिणाम होतो. चीक पोटात जातो, पण त्यातली शक्ती कोकराच्या आतड्याला घेताच येत नाही. पिऊन उपाशी राहतात पिल्लं."

"बाई, चांगली गोष्ट जास्त झाली म्हणून वाईट कशी होईल? पगारवाढ तुम्हाला कधी बाधली का?"

"मिळाली असती तर सांगता आलं असतं."

संचालक हसले. विनोद त्यांना कळत असे, एवढंच. तो कशाबद्दल आहे याकडे त्यांचं लक्ष नसे. खुराक दुप्पट झाला.

गट अ च्या मेंढ्या व्यायल्या तेव्हा पाहत राहावं अशा दिसत होत्या. पाठी रुंद, लोकर दाट, कास भरलेली. आणि त्यांच्याखालची कोकरं पिऊन पिऊन मलूल. कुणाला हगवण, कुणाला ताप, कुणी मान टाकून पडलेलं. गट ब ची वैरणीवरची कोकरं मात्र आयांच्या पाठीवर चढून उड्या मारत होती. गट अ मधल्या एकतीस नंबरच्या मेंढीचं कोकरू तर इतकं अशक्त, की ते उभं राहीना. पाय पोटाशी घेऊन दिव्याच्या उबेत नुसतं पडून राही. लोक त्याला मुटकुळं म्हणू लागले. डॉक्टरीणबाई जाता-येता त्याच्या तोंडात बोट घालून बघत, चोखतंय का. कधी चोखे, कधी नुसतं बोट तोंडात धरून राही, जणू काय करायचं ते विसरलं.

कोकरांच्या रक्ताचे निकाल संचालकांपुढे गेले. त्यांनी आलेख इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"हा उलटा धरलाय का मी?"

"नाही साहेब. उलटा आलाय."

"म्हणजे आपण खुराक दिला त्यांची कोकरं आजारी आणि नाही दिला त्यांची धडधाकट?"

"आपण जास्त दिला म्हणून."

"बाई," संचालक हळू आवाजात म्हणाले, "समितीपुढे 'आपण' हा शब्द नको."

नेमक्या त्याच दिवशी कलमदादांनी फ्रिजची झाडाझडती घेतली. 'खासगी' लिहिलेली बाटली त्यांनी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. केंद्रात खासगी काही असू शकत नाही, हे पहिलं. फ्रिज प्रयोगाचा, म्हणजे आतलं दूध प्रयोगातल्या मादीचं, हे दुसरं. गट अ च्या बाटल्यांवर हिरवी पट्टी असते, हिच्यावर नव्हती. म्हणजे गट ब, हे तिसरं. तीन पावलांत न्याय झाला आणि बाटली प्रयोगशाळेत गेली.

यंत्रात थेंब पडला. यंत्राला मेंढीचा घट्ट, पिवळा चीक माहीत. त्यानं निकाल दिला : अत्यंत पातळ. दर्जा निकृष्ट. केंद्राच्या इतिहासात इतकं वाईट दूध आढळलेलं नाही.

संचालकांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. "ही मेंढी मला दाखवा," ते म्हणाले. "गट ब ची अवस्था काय आहे, हे आता कळतंय. बिचारी. खुराकाशिवाय बघा काय झालं."

फ्रिजमध्ये बाटली नाही म्हणून डॉक्टरीणबाई शोधत शोधत तिथवर पोचल्या होत्या.

"साहेब, ते माझं आहे."

"काय तुमचं?"

"दूध."

कलमदादा ढालीकडे बघू लागले.

"हे बघा," संचालक म्हणाले, "आकडा वर मुख्यालयाला गेलाय. गेलेला आकडा खाली येत नाही. त्यानं माझी मान खाली जाते."

"पण मी मेंढी नाही."

"तसं कुणी म्हणत नाही. फक्त एका नमुन्यानं गट ब ची सरासरी हलणार नाही. रोज एक लागेल."

"रोज एकाच मादीचं?"

"नंबर आम्ही बदलत जाऊ." मग ते पुढे वाकले आणि आवाजात साखर घालून म्हणाले, "तुम्हाला खोली हवी होती ना, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना चिमीची हाक आठवली. हाक म्हणजे काय, नुसता सूर. दुपार झाली की कोपऱ्यापलीकडून येणारा. आणि तो सूर आला की कोटाच्या आत काय होतं ते ज्यांना कळतं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना कळत नाही ते समितीवर असतात. गेल्या आठवड्यापासून बाटली आधीइतकी भरत नव्हती. पोत्यांमागे उभं राहून, कडीवर कान ठेवून पान्हा फुटत नसतो. मेंढीचाही फुटत नाही. त्यांनीच तसं लिहिलं होतं.

"बाळ दिवसभर माझ्याजवळ राहील?" त्यांनी विचारलं.

"मादीला पिल्लापासून तोडू नये," संचालकांनी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

पुढचं सगळं कलमदादांनी इतक्या झटपट केलं, की या माणसाला कामाचा वेग असतो हे केंद्राला प्रथमच कळलं. कर्मचारी म्हणून जे जमत नव्हतं ते मादी म्हणून दुपारच्या आत जमलं. एकतीस नंबरची मेंढी व्हरांड्यात हलवून तिचा कप्पा मोकळा केला. स्वच्छ काडाचं अंथरूण, वर उबेचा दिवा, पुढे पडदा. बाहेर पाटी लागली : 'शांतता राखा. माता विश्रांती घेत आहे.' मुटकुळं दिव्याशिवाय टिकलं नसतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी हट्टानं आपल्याच कप्प्यात ठेवून घेतलं. शेवटी कलमदादा खिशातून पिवळा बिल्ला काढून अवघडून उभे राहिले.

"हा कानात मारतात," ते म्हणाले. "पण मी साहेबांना सांगितलं, बाईंना सक्ती नको. कोटाच्या बटणाला अडकवू."

"उपकार झाले, दादा."

"हळू बोला," कलमदादा कुजबुजले. "मादीपाशी मोठ्यानं बोलायचं नाही."

खरं सांगायचं तर ते दिवस चांगले गेले. पिल्लू म्हटल्यावर पहारेकऱ्यानं चिमीला न अडवता आत सोडलं. सासूबाई तिला आणून काडावर ठेवत आणि स्वतः पेंडीच्या पोत्यावर बसून विणत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात चिमी पीत असे, एक पाय आईच्या पोटावर आपटत, मधूनच थांबून हसत आणि हसताना दूध ओठांच्या कडेनं गळत असे. तिचा मोकळा हात शेजारच्या मुटकुळ्याच्या लोकरीत जाई आणि ती मूठ वळे. मग पिल्लू मान उचलून बघे. एके दिवशी ते चक्क उभं राहिलं, चार पाय चार दिशांना, आणि पुन्हा बसलं. डॉक्टरीणबाईंनी ते सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "संगत लागली. आता आपलीही लवकरच चार पायांवर येईल."

"आई, माझं दूध निकृष्ट निघालंय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"यंत्र."

सासूबाईंनी सुई थांबवली. "त्या यंत्राला कोण पाजत होतं? ही गालफडं बघ म्हणावं एकदा. हिला उचलून माझी कंबर गेली, आणि म्हणे निकृष्ट."

पण सोयीच्या मागून शिस्त येते. रोज सकाळी एक बाटली प्रयोगशाळेत जाऊ लागली आणि गट ब च्या सगळ्या मेंढ्या, एकीमागून एक, नवा नीचांक गाठू लागल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की डॉक्टरीणबाई दुपारी डबा खातात. कलमदादा पडद्याबाहेर येऊन खाकरले.

"बाई, गट ब ला बाहेरचा खुराक चालत नाही. डबा म्हणजे पूरक आहार झाला. प्रयोग नासतो."

"मग मी खायचं काय?"

कलमदादांनी गव्हाणीकडे पाहिलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. "घरून जेवून येत जा," ते म्हणाले. "आणि पाणी कितीही प्या. पाण्याला बंदी नाही."

डॉक्टरीणबाई पाणी प्यायल्या. दुपारी पोटात कावळे ओरडत आणि चिमी पीत असताना डोळ्यांपुढे अंधारी येई. बाटली आणखी पातळ आली. संचालकांनी निरोप पाठवला, फार छान चाललंय.

आणि समिती आली. अध्यक्ष, एक बाई सदस्य, मागेपुढे धावणारा एक फोटोवाला. पाहुण्यांच्या खोलीत ते बसलेही नाहीत. त्यांना थेट कळप बघायचा होता. गट अ च्या भरलेल्या मेंढ्यांपुढे अध्यक्ष थांबले आणि म्हणाले, "वा." आजारी कोकरं आदल्या दिवशी मागच्या लांब खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे हलवली होती. मोडक्या खुर्च्यांना कोकरांची अडचण झाली नाही.

मग संचालकांनी पडदा सरकवला. "आणि हा आमचा गट ब."

काडावर पांढऱ्या कोटातली एक बाई बसली होती. मांडीवर बाळ, बाळाच्या तोंडात स्तन, शेजारी एक कोकरू. अध्यक्षांनी बटणाचा बिल्ला वाचला, हातातल्या कागदावरचा आकडा वाचला आणि मान हलवली. समितीतली माणसं शिकलेली होती. कागदावर जे असतं ते समोर दिसत नसेल, तर दिसण्यात चूक असते, हे शिकायलाच आयुष्य जातं.

बाई सदस्य खाली वाकल्या आणि चिमीच्या गालावरून त्यांनी बोट फिरवलं. "अगंबाई. अजून लोकरसुद्धा आली नाही."

"खुराक नाही ना," संचालक म्हणाले.

"इतकं निकृष्ट दूध," अध्यक्ष म्हणाले, "आणि पिल्लू अजून अंगावरच? हा पिल्लावर अन्याय आहे, संचालक."

डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. चिमीला खांद्यावर घेत त्या उठल्या. "साहेब, मी इथली पशुवैद्यक आहे. ही माझी मुलगी आहे. हे नियम मी लिहिले आहेत. आणि गट अ ची कोकरं मागच्या खोलीत..."

अध्यक्षांनी शेवटचं वाक्य ऐकलं नाही, कारण संचालकांना त्याच क्षणी मोठा खोकला आला. पण पहिली तीन अध्यक्षांनी नीट ऐकली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पशुवैद्यक? मग तर तुम्हाला समितीचं म्हणणं ताबडतोब पटेल."

फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला.

समितीच्या शिफारशी लवकरच आल्या. दुप्पट खुराकाचा प्रयोग यशस्वी; तो सर्व कळपांना लागू करावा. आणि निकृष्ट दुधाच्या माद्यांपासून पिल्लं तात्काळ तोडून पावडरीच्या दुधावर घ्यावीत. अशा माद्यांना कप्पा देऊ नये.

डॉक्टरीणबाई संचालकांकडे गेल्या तेव्हा भिंतीवर दुसऱ्या ढालीसाठी खिळा ठोकणं चालू होतं.

"साहेब, मला कप्पा नको. मादी म्हणून नकोच. मी कर्मचारी आहे. मला पाजायला कुठलीही एक खोली द्या."

"कर्मचारी म्हणून तरतूद नाही," संचालक म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं; डोळे मिटलेले होते. "मादी म्हणून आदेश आहे. यातलं तुम्हाला काय व्हायचं ते तुम्ही ठरवा. केंद्राचा आग्रह नाही."

"आणि दुप्पट खुराक? दुसऱ्यांच्या कळपांत कोकरं मरतील, साहेब."

"आकडे तुमचेच आहेत, बाई. रोज बाटली कोण देत होतं?"

घराघरांत, ऑफिसाऑफिसांत ज्या गोष्टी चालतात त्या अशाच चालतात. अडलेल्या माणसाला एक खोली द्यायची, आणि मग आयुष्यभर त्या खोलीचं भाडं त्याच्याच तोंडून वसूल करायचं.

कलमदादा बिल्ला काढायला आले. बटणाचा दोरा उसवला होता. घरून सुईदोरा आणू का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. मग ते तिथेच उभे राहिले, मेंढीपाशी उभं राहावं तसे, आवाज न करता. शेवटी हळूच म्हणाले, "नातू पावडरीवरच वाढला माझा. होतात मोठी." आणि गेले.

चिमी पुन्हा फाटकाबाहेर गेली. पोत्यांमागेही आता जाता येईना. कोठीला नवीन कुलूप लागलं होतं, कारण क्षारमिश्रणाची मागणी वाढली होती. पावडरीचा पहिला डबा सासूबाईंनी उघडला. डब्यावरही हसरी आई होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की आईच्या दुधाला पर्याय नाही. "यांना ठाऊक आहे तर," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी कोमट करायला ठेवलं. चिमीनं बाटलीकडून तोंड फिरवलं, मग भुकेनं पुन्हा वळवलं. आठवड्याभरानं दुपारच्या वेळी डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या आत काहीच झालं नाही. तेव्हा त्यांना कळलं, की आटलं.

फोटो वर्तमानपत्रात छापून आला. त्यात पुढे मुटकुळं होतं, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघणारं, ओले डोळे, चार वेडेवाकडे पाय. मागे कुणीतरी बाई होती, तिच्या खांद्यावर काहीतरी होतं. आणि कडेला, पडद्याच्या फटीतून, व्हरांड्यात थंडीत उभी असलेली एकतीस नंबरची मेंढी दिसत होती.

लोक हेलावले. आपला समाज मेला आहे असं म्हणणाऱ्यांनी केंद्राच्या दारातली टपालाची पोती बघावीत. मुक्या जिवाला बाहेर काढून त्याच्या जागी माणसं बसतात कशी, असा संताप कुणी व्यक्त केला. त्या बाईला स्वतःचं घर नाही का, असं कुणी विचारलं. शाळेतल्या मुलांनी कोकराची चित्रं काढून पाठवली. नवऱ्याच्या मावशीनं फोन करून सांगितलं, "तुमच्याकडच्या त्या पिल्लाचा फोटो पाहिला गं, जेवण गेलं नाही मला. कसं आहे ते?" मागची बाई कोण, हे मावशीनं विचारलं नाही. सून असेल असं तिला वाटण्याचं कारणही नव्हतं. सून शेवटी कर्मचारी.

लोकांच्या दबावापुढे केंद्राला झुकावं लागलं. एकतीस नंबरला तिचा कप्पा सन्मानानं परत मिळाला. मुटकुळ्यासाठी वेगळा दिवा आला.

आणि मुटकुळ्याचं पुढे काय झालं, हे वाचक म्हणून आपण कधीपासून विचारायचं म्हणताय, ते सांगून टाकायला हवं. ते जगलं. चांगलं टुणटुणीत झालं आहे, आईच्या पाठीवर चढतं. चिंता नसावी.

चिमीची चौकशी करणारं एकही पत्र त्या पोत्यांत नव्हतं. कोकराची चौकशी करणारं आपलं पत्र मात्र होतं. अक्षर सुरेख आहे, आणि सोबत कोकरासाठी आपण स्वतः विणून पाठवलेली लोकरीची टोपीही व्यवस्थित पोचली. ती त्याला मोठी झाली म्हणून कलमदादांनी, कुठल्याही कलमाशिवाय, गुपचूप डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली. दूध सुटल्यापासून चिमीला सर्दी लवकर होते, तेव्हा सध्या ती तीच घालते. उबदार आहे. फक्त आपण कोकराच्या कानांसाठी दोन बाजूंना दोन भोकं ठेवली आहेत ना, वारा तेवढा तिथून आत जातो.